कप्तानाचे दोनशे चेंडू

“ती काय, नुसतं अक्षर लावते. बाकी सगळं तर तूच करतेयस.”

हे माझा नवरा म्हणाला, आणि माझ्याबद्दल म्हणाला. क्रिकेट क्लबच्या स्वयंपाकघरातून बाहेरच्या हॉलमध्ये चहा द्यायला एक खिडकी होती. तिची फळी अर्धी खाली ओढलेली होती. आतल्या बाजूला मी काकडीच्या सँडविचला चटणी लावत होते. पलीकडे तो पॅड सोडत बसला होता आणि त्याच्यासमोर त्याच्याच ऑफिसातली एक मुंबईची मुलगी उभी होती. मला तिचे फक्त हात दिसत होते. त्यातल्या एका हातात आमच्या घरातला फ्लास्क होता.

“असं काय बोलतोस रे तिला,” ती म्हणाली. पण हसून म्हणाली.

“अगं, खरंच. कॉन्व्हेंटची आहे ना ती. हँडरायटिंग हा तिचा विषय. आमच्याकडे किराणा मालाची यादीसुद्धा लग्नपत्रिकेसारखी दिसते.”

मी सँडविच कापली. तिरकी न कापता चौकोनी कापली, आणि ते लक्षात आल्यावर तशीच ठेवली.

दोन हजार पाचचा उन्हाळा होता. लग्न होऊन मी हॉलंडमध्ये, अ‍ॅमस्टेलव्हीनला आले त्याला दीड वर्ष झालं होतं. नवरा पुण्याचा, मीही पुण्याची. तो मराठी शाळेतून इंजिनियरिंगला गेलेला आणि मी नन्सच्या शाळेतून इंग्रजी साहित्याला. नोकरीसाठी अर्ज पाठवत होते. आठवड्यातून दोनदा डच शिकायला जात होते आणि वर्गात तोंड उघडत नव्हते. शनिवारी नवऱ्याबरोबर जंगलाच्या कडेला असलेल्या या क्लबवर यायचं, त्याची मॅच बघायची, दोन डावांच्या मध्ये चहाचं बघायचं. मला क्रिकेट कळत नव्हतं. आऊट झालेला कळायचा, चौकार कळायचा, बाकी कोण कुठे का उभा आहे हे कधी कळलं नाही. मैदानावर गवतात चटई अंथरून खेळत. बदकं मध्ये येत, त्यांना हाकलायला खेळ थांबे. तेवढं मला आवडायचं.

मुंबईकरणीला क्रिकेट येत होतं. नुसतं कळत नव्हतं, येत होतं. नेट्समध्ये ती पुरुषांना ऑफस्पिन टाकायची, आणि माझा नवरा तिच्या बोलिंगवर चकला की “काय रे, झोपलास?” असं सगळ्यांसमोर ओरडायची. तो खूश व्हायचा. घरी मी त्याला काही बोलले की तो पेपरमागे जाई. त्या दोघांत तसलं काही नव्हतं, हे मी आजही खात्रीने सांगते. तसलं काही असतं तर सोपं झालं असतं. रागवायला कारण मिळालं असतं. ती चांगलीच होती. मला पहिल्या हिवाळ्यात सायकल शिकवली तिने. दर वेळी भेटली की मिठी मारायची. मी तिच्या मिठीत काठीसारखी उभी राहायचे.

अक्षर लावायचं ते एका कप्तानाचं होतं.

क्लबच्या जुन्या सभासदांमध्ये एक ऐंशीच्या घरातली डच बाई होती. तिला सगळे ‘मेव्राउ’ म्हणत, म्हणजे आपल्याकडे ‘बाई’ म्हणतात तसं. तिचा नवरा या क्लबकडून खेळलेला. मेव्राउंच्या आईचे आजोबा मात्र इंग्रज होते, राणीच्या सैन्यात अधिकारी, आणि हौशी क्रिकेटपटू. त्यांच्या मुलीने फुलांच्या कंदांचा व्यापार करणाऱ्या एका डच माणसाशी लग्न केलं आणि कप्तानाची ट्रंक हॉलंडमध्ये आली. ट्रंकेत डायऱ्या, बहिणीला लिहिलेली पत्रं आणि एक छोटी वही. कप्तान तरुणपणी सात वर्षं पुण्याला होता. आता क्लबमध्ये पुण्या-मुंबईची मुलं खेळायला लागली आहेत म्हटल्यावर मेव्राउंना वाटलं की हे कुणीतरी वाचावं, आणि ऑगस्टअखेरीस सीझन संपताना क्लबचा दिवस असतो, त्या दिवशी कप्तानाचं आयुष्य सगळ्यांना सांगावं.

त्यांनी विचारलं तेव्हा आम्ही दोघी बाजूबाजूला उभ्या होतो. “आम्ही करू ना!” मुंबईकरीण म्हणाली. मीही तेच म्हणणार होते. मी वाक्य मनात जुळवत होते.

पहिल्याच दिवशी तिच्या लक्षात आलं की तिला त्यातलं काही वाचता येत नाही. कप्तानाचं अक्षर बारीक, एकात एक गुंतलेलं, आणि पत्रांत तर कागद वाचवण्यासाठी पान आडवं लिहून भरलं की फिरवून त्याच्यावरच उभं लिहिलेलं. जाळीसारखं दिसायचं. मेव्राउंनीही हात टेकले होते. मी पत्र हातात घेतलं आणि वाचायला लागले. मलाही आश्चर्य वाटलं. आमच्या शाळेत सिस्टर चार रेघी वहीत वर्षानुवर्षं हेच गिरवून घेत. एका शब्दात पेन उचलला गेला की पान पुन्हा. मला त्या अक्षराचा राग होता. आणि इथे, एका परक्या देशात, एका मेलेल्या माणसाच्या पत्रावर ते अक्षर मला ओळखीच्या माणसासारखं भेटलं.

“ए पुणेकर, तू तर एक्स-रे मशीन आहेस!” मुंबईकरीण म्हणाली. “तू वाच, मी टाइप करते. मस्त टीम होईल.”

मग दर बुधवारी मी बस पकडून मेव्राउंकडे जाऊ लागले. अरुंद, उंच घर होतं. जिना इतका उभा की उतरताना मी पाठमोरी उतरायचे. कॉफी व्हायची, मग मी डायरी मोठ्याने वाचायचे, मेव्राउ डोळे मिटून ऐकायच्या, आणि मी माझ्या वहीत मुद्दे उतरवायचे. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईकरीण आमच्या घरी यायची. माझी वही समोर ठेवून ती लॅपटॉपवर भराभर लिहायची, नवरा स्लाइड्स करायचा, मी पोहे करायचे.

“खडकी म्हणजे एक्झॅक्टली कुठे गं?” ती विचारायची.

मी सांगायचे. मी खडकीच्या रस्त्याने पाच वर्षं स्कूटीवरून कॉलेजला गेलेली. कप्तानाची बराक जिथे होती त्या भागातल्या भिंतीशी मी एकदा पाऊस थांबायची वाट बघत उभी होते. हे मी तिला सांगितलं नाही. तिने ते भाषणात घातलं असतं.

कप्तान म्हणावा तसा थोर माणूस नव्हता. एका गावातल्या पाद्र्याचा चौथा मुलगा. शाळेत क्रिकेट बरं खेळायचा, अभ्यासात बेतास बात, म्हणून सैन्यात. बोटीने सुवेझमार्गे मुंबईला उतरला आणि पुण्यात येऊन पहिले दोन महिने तापाने पडून राहिला. नंतर सकाळी कवायत, दुपारी झोप, संध्याकाळी क्रिकेट. लढाई त्याने पाहिलीच नाही. वायव्येकडच्या एका मोहिमेवर त्याची रवानगी झाली तेव्हा त्याच्याकडे खेचरं आणि उंट सांभाळायचं काम आलं, आणि तिथेही हगवणीने आजारी पडून परत आला. तो कप्तान झाला, पण त्यापुढे कधी गेला नाही. मायदेशी जाऊन लग्न केलं, साठीपर्यंत गावच्या संघातून खेळला, आणि त्या संघात स्वतःच्या मुलाने त्याला धावबाद केलं त्याबद्दल त्याने डायरीचं अख्खं पान खर्च केलं आहे.

पण मला तो आवडायला लागला होता, आणि त्याचं कारण मी कुणाला सांगितलं नाही.

पुण्याला त्याच्यानंतर सहा महिन्यांनी त्याच्याच तुकडीत दुसरा एक तरुण अधिकारी आला. गाणारा, नाचणारा, कर्नलच्या बायकोला हसवणारा. आणि जलद गोलंदाज. कप्तान त्याच्याविरुद्ध एक शब्दही लिहीत नाही. ‘चांगला माणूस आहे’ असंच लिहितो, पुन्हा पुन्हा. पण स्वतःच्या धावा तो कधीमधी लिहितो आणि त्या दुसऱ्याच्या मात्र रोज. दुसरा शून्यावर बाद झाला त्या दिवशीचं शून्य मी पाहिलंय. इतकं गोल, इतकं निवांत काढलेलं की सिस्टरनी त्याला चांदणी दिली असती. अनेक वर्षांनी त्या माणसाच्या मृत्यूची बातमी कप्तानाने पेपरातून कापून डायरीत ठेवली होती. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. फक्त कडा फार सरळ कापल्या होत्या.

आणि ती छोटी वही. पुण्यातली एक मोठी मॅच कप्तानाला खेळता आली नाही, घोटा मुरगळला होता. तो झाडाखाली खुर्ची टाकून बसला आणि त्याने त्या दिवशी टाकलेला प्रत्येक चेंडू वहीत टिपला. चौकटी नाहीत, रकाने नाहीत. ओळीने नुसत्या खुणा. ठिपका, आकडा, गडी बाद झाला की फुली, आणि तो बळी त्या दुसऱ्या अधिकाऱ्याचा असेल तर फुलीभोवती वर्तुळ. फुल्या सहाच होत्या, आणि सहाही वर्तुळात.

“काय खिलाडू वृत्ती बघा!” मुंबईकरीण म्हणाली. “स्वतः खेळत नाही तरी मित्राची मॅच बॉल बाय बॉल लिहून ठेवतो. हे मी शेवटी घेणार.”

मी पोहे परतत होते. खिलाडू वृत्ती! मला त्या क्षणी तिचा जेवढा राग आला तेवढा नवऱ्याच्या त्या वाक्याचाही आला नव्हता. दुसऱ्याचा प्रत्येक चेंडू मोजत बसणारा माणूस कोण असतो हे मला माहीत होतं. ती माझ्या घरी किती वाजता आली, किती वेळा हसली, नवऱ्याने तिला किती वेळा ‘करेक्ट’ म्हटलं, हे मला तारखेसकट पाठ होतं.

गोंधळ झाला तो त्याच शुक्रवारी. मी बहिणीला लिहिलेल्या पत्रातलं वाचून दाखवलं, की त्या दिवशी पन्नास षटकं झाली आणि मग अंधार पडला म्हणून खेळ थांबला. गोलंदाजाने किती बळी घेतले हे बहिणीला सांगणं त्याला जमलेलं नव्हतं.

“पन्नास ओव्हर्स!” नवरा टाळी वाजवत म्हणाला. “म्हणजे वन-डे झाली की!”

“पन्नास म्हणजे तीनशे बॉल,” मुंबईकरीण म्हणाली. “थांब, वहीतले मोजू या.” तिने वहीची पानं स्कॅन करून आणली होती. दोघांनी स्क्रीनवर बोट ठेवून मोजलं, एकदा तिने, एकदा त्याने. एका पानावर वीस खुणा, दहा पानं. दोनशे.

“शंभर बॉल गायब,” नवरा म्हणाला.

“पाच पानं!” ती खुर्चीवरून उठलीच. “बाइंडिंगचा दोरा सैल झालाय, मी पाहिलंय ना. अरे, उरलेल्या चार विकेट त्या पानांत असल्या तर? दहाच्या दहा! विचार कर, पुण्यात, दहाच्या दहा!”

लहानपणापासून ज्यांनी पन्नास म्हणजे तीनशे हे पाढ्यासारखं पाठ केलंय, त्यांना दुसरं काही सुचणारच नव्हतं. मलाही सुचलं नाही. मी तर तिसऱ्याच गोष्टीचा विचार करत होते, की आता ती मेव्राउंना फोन करणार.

तिने तिथूनच केला. स्पीकरवर मेव्राउंचा आवाज आला. त्यांनी हिशेब पुन्हा सांगायला लावला. मग म्हणाल्या, “आईने मला वही दिली तेव्हा ती पूर्ण आहे असं सांगितलं होतं. यातलं काही हरवू देऊ नकोस म्हणाली होती. मी मोठ्या घरातून या घरात आले तेव्हा...” पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं.

“मिळतील, मेव्राउ! माळ्यावर असतील!” मुंबईकरीण म्हणाली.

पुढच्या बुधवारी मी गेले तर मेव्राउ थकलेल्या दिसल्या. कॉफी मला करायला सांगितली. त्यांच्याकडे माळ्यावर जायला छतातून ओढून खाली घ्यायची घडीची शिडी होती. ती खाली आलेली होती.

त्या दिवशी मी त्यांच्या संडासात गेले. डच घरांत वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगलेलं असतं, बसल्या बसल्या कुणाचा वाढदिवस येतोय ते दिसावं म्हणून. ज्यांना माणूस आपलं मानतो त्यांची नावं त्यात. मी आधीही ते पाहिलं होतं. सगळी डच नावं, बरीचशी फुली मारलेली. आता त्यात ऑक्टोबरमध्ये निळ्या शाईने नवं नाव होतं. मुंबईकरणीचं.

मी सगळे महिने उलटून पाहिले. बारा महिने, उभ्यानेच. माझं नाव नव्हतं. माझा वाढदिवस कधी असतो हे मला मेव्राउंनी कधी विचारलं नव्हतं, आणि मीही आपणहून सांगितलं नव्हतं, हे नंतर सुचलं. तेव्हा फक्त निळी शाई दिसत होती. दर बुधवारी येते कोण? घसा कोरडा पडेपर्यंत वाचतं कोण?

बाहेर येऊन मी डायरी उघडली. पुढच्या वर्षीचा उन्हाळा होता. कप्तान घोट्याच्या दुखण्यातून बरा झाला होता आणि खेळत होता. मी वाचत होते, मेव्राउंचे डोळे मिटलेले होते. एप्रिलमधली एक नोंद आली. उकाड्याबद्दल तक्रार होती. चार चेंडू झाले रे झाले की पंच षटक संपल्याचं ओरडतो आणि सगळ्यांना त्या उन्हात पुन्हा मैदान ओलांडावं लागतं, आणि लठ्ठ मेजरला या टोकाहून त्या टोकाला पोचायला चार चेंडू टाकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

माझी नजर ओळीवर थांबली. चार चेंडू. चार पन्नास दोनशे. मला क्रिकेट कळत नव्हतं, पण चारचा पाढा येत होता.

“थांबलात का?” मेव्राउंनी डोळे न उघडता विचारलं.

“अक्षर लागत नाहीये,” मी म्हणाले. आणि ती नोंद सोडून पुढची वाचली.

त्या उन्हाळ्यातलं ते माझं एकमेव खोटं, आणि ते सहज आलं. बसमध्ये बसल्यावर मला इतकं हलकं वाटलं की एक स्टॉप पुढे गेले. माझ्याजवळ आता असं काहीतरी होतं जे तिच्याजवळ नव्हतं. क्लबच्या दिवशी ती उभी राहील, ‘वहीचा तिसरा भाग हरवला आहे’ म्हणेल, दहा बळींचा तर्क सांगेल, नवऱ्याची रंगीत स्लाइड मागे झळकेल. मग मी उठेन. ‘माफ करा, एक छोटीशी दुरुस्ती आहे.’ एवढंच. सौम्यपणे. हे वाक्य मी भांडी घासताना म्हणून पाहिलं, सायकलवर म्हणून पाहिलं. सगळी डोकी माझ्याकडे वळलेली दिसायची. नवऱ्याचा चेहरा तर इतका स्पष्ट दिसायचा की त्याला जेवायला वाढताना मला हसू यायचं.

“आज काय, मूडमध्ये आहेस?” तो म्हणाला.

“काही नाही रे.”

दुसऱ्या बुधवारी मेव्राउंच्या बैठकीत अकरा खोकी होती. त्यांच्या नवऱ्याची, आईची, मुलाच्या शाळेची. त्या गुडघ्यांवर उशी ठेवून जमिनीवर बसल्या होत्या आणि एकेक पुस्तक उलटं धरून झटकत होत्या. मी मदतीला बसले. तासभर मीही पुस्तकं झटकली. नसलेली पानं मी शोधत होते आणि ती नाहीत हे मला ठाऊक होतं. आता सांगावं असं मनात आलं. पण आता सांगितलं तर त्या आनंदाने तिलाच फोन करतील, ती भाषण बदलेल, आणि ‘आमच्या टीमने शोधून काढलं’ म्हणेल. दीड आठवडा राहिला होता. मी आणखी एक पुस्तक झटकलं. त्यातून एक वाळलेलं पान पडलं, झाडाचं. मेव्राउंनी दचकून पाहिलं.

तिसऱ्या बुधवारी मी बेल वाजवली, कुणी दार उघडलं नाही. मला किल्ली कुठे असते माहीत होतं. आत गेले, जिना चढले. मेव्राउ माळ्याच्या शिडीवर होत्या. अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. त्यांचे पाय तेवढे दिसत होते, जाड मोजे, एका पायातली चप्पल खाली पडलेली.

“मला उतरता येत नाहीये,” वरून आवाज आला. अगदी साधा, पत्ता सांगावा तसा. “थोडा वेळ झाला.”

मी शिडीवर चढून त्यांचा एकेक पाय हाताने पायरीवर ठेवत त्यांना उतरवलं. केसांत जळमटं होती. हात गार पडले होते. खाली आल्यावर त्या माझा दंड धरून बराच वेळ उभ्या राहिल्या.

“आता नाही शोधणार,” त्या म्हणाल्या. “शनिवारी मी सगळ्यांची माफी मागेन. हरवलं तर हरवलं म्हणावं. आई असती तर मला बोलली असती, पण ती नाही. तुमच्यासमोर तरी म्हणते.”

तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण आता सांगायचं म्हणजे दोन आठवड्यांपूर्वी का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार होतं, आणि जी बाई माझा दंड धरून उभी होती तिला ते सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी म्हणाले, “कॉफी करते.” मी त्यांच्या केसांतली जळमटं काढली, चप्पल उचलून पायात घातली, आणि घरी गेले.

त्या रात्री नवऱ्याने विचारलं, “काय झालं? तू आज काही बोलतच नाहीयेस.” मग स्वतःच म्हणाला, “म्हणजे नेहमीपेक्षा.”

क्लबच्या दिवशी ऊन पडलं होतं. सकाळी लहान मुलांची मॅच झाली. हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या, नवऱ्याने प्रोजेक्टर लावला. मुंबईकरीण साडी नेसली होती, माझीच. आदल्या दिवशी मागून नेली होती. आणि तिला ती शोभत होती. मी चहाच्या खिडकीशी होते. या वेळी फळी पूर्ण वर होती.

ती छान बोलली. ते मला मान्य करावंच लागेल. पाद्र्याचा मुलगा, बोट, ताप, खेचरं, मुलाने केलेला धावबाद. लोक हसायचे तिथे हसले. ‘आमचं पुणं’ असं ती दोनदा म्हणाली आणि दोन्ही वेळा मी कपात चहा जास्त ओतला. मध्ये एकदा तिने माझ्याकडे हात केला. “आणि हे सगळं अक्षर जिने लावलं, ती तिकडे लपून बसलीय!” सगळ्यांनी मागे वळून टाळ्या वाजवल्या. मी खाली पाहिलं. वाक्य तयार होतं. माफ करा, एक छोटीशी दुरुस्ती आहे.

मग वही आली पडद्यावर, एवढी मोठी. ठिपके, फुल्या, वर्तुळं. “तीनशे चेंडू,” ती म्हणाली, “आणि आपल्याकडे आहेत दोनशे. शेवटचे शंभर...” तिने वाक्य अर्धं सोडलं, कारण पहिल्या रांगेत मेव्राउ उभ्या राहत होत्या. एक हात पुढच्या टेबलावर, दुसऱ्या हातात ती खरी छोटी वही.

“ते माझ्या हातून झालं,” त्या म्हणाल्या. आधी डचमध्ये, मग आमच्यासाठी इंग्रजीत. “माझ्या आईने ही वही मला पूर्ण दिली होती. मी घर बदलताना नीट काळजी घेतली नाही. इतकी वर्षं सांभाळलेली गोष्ट माझ्यापाशी येऊन अपुरी झाली. मला माफ करा.”

मुंबईकरीण पदर सावरत पुढे धावली आणि तिने मेव्राउंना मिठी मारली. तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. मेव्राउंची हनुवटी तिच्या खांद्यावर, माझ्या साडीवर टेकलेली, आणि त्यांचे डोळे उघडे होते, कुठेच न बघणारे. वहीचा हात मात्र बाजूला, लांब धरलेला. चुरगळू नये म्हणून.

मी चहाची किटली खाली ठेवली. खिडकीतून बोलता आलं असतं, पण मी दार उघडून बाहेर आले आणि खुर्च्यांच्या मधून चालत पुढे गेले. नवरा प्रोजेक्टरपाशी होता. “काय गं, काय झालं?” तो हळूच म्हणाला. मी थांबले नाही. इतक्या लोकांसमोर मी आधी कधी बोलले नव्हते. माझा आवाज कसा निघेल हे मलाच ठाऊक नव्हतं. तयार केलेलं वाक्य आठवलं, आणि ते वापरता येणार नाही हेही कळलं, कारण ते तिच्यासाठी तयार केलं होतं आणि समोर मेव्राउ होत्या.

मी वहीचा तो हात धरला.

“मेव्राउ, पानं हरवलेली नाहीत. त्या काळी चार चेंडूंचं षटक असायचं. पन्नास षटकांचे दोनशेच होतात. वही तुमच्या आईने दिली तेव्हा जेवढी होती तेवढीच आहे. तुमच्या हातून काहीही हरवलेलं नाही. डायरीत तसं लिहिलंय. ती ओळ मला लागली होती, अडीच आठवड्यांपूर्वीच लागली होती, आणि मी ती तुम्हाला मुद्दाम वाचून दाखवली नाही.”